बिनचवळीचा बर्फ

बाबांचं बर्फ किसायचं यंत्र बाल्कनीत होतं. निळा रंग कधीच उडालेला, मूठ तेवढी हाताळून गुळगुळीत झालेली. दक्षिण कोरियातल्या मोक्पोचं ते शाळेसमोरचं दुकान विकलं गेलं, पण हे लोखंडी धूड सोजिनने कुणाला नेऊ दिलं नव्हतं.

आज बाबांचं दुसरं वर्षश्राद्ध. सोजिनला सातवा महिना असताना ते गेले. शेवटच्या महिन्यातही तिच्या पोटाकडे बोट करून दमात घ्यायचे, "हिला पातबिंग्सूचा पहिला चमचा मी भरवणार. तू मधे पडायचं नाहीस." पातबिंग्सू म्हणजे त्यांचा जन्मभराचा धंदा: बर्फाचा बारीक कीस, थोडं दूध, वर साखरेत शिजवलेली लाल चवळी. युनसल आता पावणेदोन वर्षांची झाली होती. तिने अजून ते चाखलं नव्हतं. थंड आहे, घशात दाणा अडकेल, अशी कारणं सोजिन सगळ्यांना सांगायची. खरं कारण वेगळं होतं. पहिला चमचा बाबांचा होता.

म्हणून सकाळीच तिने चवळी शिजत घातली. पहिलं पाणी ओतून टाकलं, तुरटपणा त्यात जातो असं बाबा म्हणत. दुसऱ्या पाण्याला वास सुटला आणि नेमकी तेव्हाच आत्या दारात उभी राहिली.

"कसला वास गं हा? सोजिन, चवळी? आज?"

"बाबांच्या पानासाठी, आत्या."

आत्या पिशवीसकट मटकन खाली बसली. "ऐकलंत का वहिनी? कॉलेज शिकलेली तुमची लेक बापाला उंबऱ्यावरूनच हाकलून देतेय!"

लाल चवळीला मेलेली माणसं भितात, हे काय सोजिनला ठाऊक नव्हतं? हिवाळ्यातल्या सर्वांत मोठ्या रात्री दारावर चवळीची लापशी शिंपडतात ती त्यासाठीच. श्राद्धाच्या पानावर लाल दाणा चालत नाही तोही त्यासाठीच. पण हा नियम इतरांच्या बाबांसाठी असणार, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

"जन्मभर चवळीच्या वाफेत उभे राहिले ते. ते घाबरतील होय?"

"जिवंत होता तोवर दादा कशालाच घाबरत नव्हता. डॉक्टरलासुद्धा नाही. म्हणून तर..."

आईने मासा परतता परतता झारा कढईवर आपटला.

"वन्सं," आई म्हणाली, "नुसता बर्फ ठेवला तर?"

आत्याने विचार केला. "बर्फाला कोण भितंय? ठेवा. पण ते पातेलं बाल्कनीत, झाकून. आणि दार घट्ट लावा. एक दाणा म्हणून घरात नको."

सोजिनने पातेलं बाहेर नेलं आणि युनसलला उठवायला आतल्या खोलीत गेली. सवयीने आधी तिच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास चालू होता. मग तिला उचलताना उशी सरकली, आणि उशीखालची लाल पुरचुंडी दिसली.

एक दाणा म्हणून घरात नको.

पुरचुंडी आत्यानेच दिली होती. "घरात सुतक आणि पाळणा एकदम आलेत, बाळाच्या उशाशी चवळी असू दे." सोजिन तेव्हा हसली होती. पण पुढे दवाखान्यात जाताना, समुद्रावर जाताना, कुठेही जाताना तिने ती बाळाच्या कपड्यांत खोचल्याशिवाय उंबरा ओलांडला नव्हता. मागच्या श्राद्धालाही पोरीला मांडीवर घेऊन ती पानासमोर बसली होती, "बघा बाबा, ही तुमची नात," असं पुटपुटत. पुरचुंडी पोरीच्या कमरेला होती. कोण येणार होतं जवळ?

तिने ती मुठीत धरली. गेल्या महिन्यातला ताप आठवला, जिन्याची पायरी आठवली, घशात अडकलेलं द्राक्ष आठवलं. तेव्हा काही झालं नाही ते हिच्यामुळेच, असं कुणी छातीठोक सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती. पोर खांद्यावर झोपाळू हुंकारत होती. सोजिन बाल्कनीत गेली, पातेल्याच्या झाकणावर पुरचुंडी ठेवली आणि बर्फ किसून फ्रीजरमध्ये ठेवल्यावर दार ओढून घेतलं. मग पोरीला इतकं घट्ट धरलं की पोर रडली.

उन्हं उतरली तशी पानाशी मेणबत्ती आणि उदबत्ती लागली. बाबांना आत येता यावं म्हणून घराचं दार किलकिलं ठेवलं. सोजिनचा नवरा जहाजावर नोकरीला, म्हणून बाबांच्या पेल्यात दारू तिनेच ओतली. भातात चमचा उभा केला, शेजारी दूध घातलेला बर्फाचा पांढरा डोंगर ठेवला. सगळ्यांनी वाकून नमस्कार केला आणि त्यांना निवांत जेवू द्यावं म्हणून दिवाणखान्याचं सरकतं दार लावून तिघी पोरीला घेऊन स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या.

"आजो?" युनसलने विचारलं.

"जेवतायत. हळू बोल."

आत जाण्याआधी खाकरायचं असतं, जेवणारा दचकू नये म्हणून. आत्या खाकरली. मग दार सरकवलं.

बर्फ खचला होता. पण एकाच बाजूने.

"बघा!" आत्याचा आवाज फाटला. "दादाच! असाच एका कडेने खायचा. कालवून खाणाऱ्या गिऱ्हाइकाला नावं ठेवायचा मेला."

"उन्हाळा आहे, वन्सं," आई म्हणाली, पण हाताच्या पाठीने डोळे पुसत म्हणाली.

खचलेल्या बाजूला मेणबत्ती होती. सोजिनने ते आल्या आल्याच पाहिलं होतं.

"आण आता चवळी," आत्या म्हणाली. "पानावरचं सगळ्यांनी खायचं. पोरीलाही भरव."

सोजिन बाल्कनीच्या दारापर्यंत गेली आणि कडीला हात लावून थांबली. चवळी आत आली की बाबा बाहेर. आता आपल्याच हाताने ती त्यांना घालवणार होती.

ती परत फिरली. भातातला बाबांचा चमचा काढला, बर्फाच्या खचलेल्या कडेतून दुधाळ कीस घेतला आणि पोरीच्या ओठांशी धरला. बाबांनीच कोपराशी धरून भरवावं, तसा तिने हात सैल सोडला होता. युनसलने तोंड वेडंवाकडं केलं, डोळे मिटले, मग जीभ बाहेर काढली.

"अजून."

"झाला गं पहिला," आई हळूच म्हणाली. तिला सगळं कळलं होतं.

बर्फाचं पाणी होऊ लागलं होतं. सोजिनने किलकिल्या दाराकडे पाहिलं. "पुढच्या वर्षी लवकर या, बाबा," ती म्हणाली, आणि जाऊन बाल्कनीची कडी काढली.

मग तिने एकेक दाणा चमच्याने चेपून पोरीला दिला, आणि प्रत्येक दाणा गळ्याखाली उतरेपर्यंत तिच्या इवल्याशा गळ्याकडे बघत राहिली.

आत्या घराचं किलकिलं दार लावायला उठली.

"राहू दे गं आत्या," सोजिन म्हणाली, "थोडा वेळ."