खांद्याचा रकाना

माझ्या हातांचा फोटो काढला, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"मामा, चेहरा नको, नुसते हात," भाची फोनवरून सांगत होती. फोन कापडाच्या ठाणाला टेकवून मी कटिंग टेबलापाशी उभा. "टेप गळ्यातून काढा, हातात धरा. हां. आता जरा मायेने धरा."

टेप मायेने कसा धरतात, हे चाळीस वर्षं शिवणकाम करूनही मला ठाऊक नव्हतं. पण धरला. साथ येऊन तीन महिने झाले होते, शटर खाली होतं, आणि तेवढ्या काळात माझे हात कुणाच्या उपयोगी पडले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. डोकं तल्लख, जीभ त्याहून तल्लख. मी दुकानामागच्या खोलीत एकटा. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली. दुकान बुडणार हे मला दिसत होतं तसं तिलाही दिसलं, आणि तिने कंबर कसली. वेबसाइट काढली. खोकी छापून घेतली. प्रत्येक खोक्यावर माझे हात आणि खाली चार बोटं जाडीच्या अक्षरांत 'आपुलकीचं माप'. गिऱ्हाइकाने घरच्या घरी माप घ्यायचं, फॉर्म भरायचा. मी शिवायचं. कुरिअरवाला दारापासून लांब उभा राहून "ठेवा काका, ठेवा" म्हणायचा, मी खोकं उंबऱ्यावर ठेवून मागे सरायचो, मग तो पुढे यायचा. म्हणजे आपुलकी सगळी खोक्यावर. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. तरी धंदा चालला, खोटं कशाला बोलू? तिच्यामुळेच मशीनवर धूळ बसली नाही.

पण माझं काम म्हणजे काय होतं, ते ऐका. माणूस दुकानात यायचा. मी त्याला आरशाकडे तोंड करून उभा करायचो, मागे जायचो आणि आधी दोन्ही तळवे त्याच्या खांद्यांवर ठेवायचो. टेप नंतर. मला ज्यांनी काम शिकवलं त्यांची ही शिस्त. टेप दिसला की माणूस छाती काढून उभा राहतो आणि खोटं माप देतो. हात ठेवून थांबलं की दोन-चार श्वासांत खांदे खाली येतात. मग मोजायचं. तेवढ्या श्वासांत लोक काय काय बोलून जायचे! नोकरी गेली, मुलगा बोलत नाही, गाठ निघाली आहे, डॉक्टर उद्या सांगणार. मी फक्त "हं" म्हणायचो आणि वहीत आकडा लिहायचो.

आता मला फॉर्म यायचे. त्यात आकडे असायचे, माणूस नसायचा.

तशात ग्रंथपालांची ऑर्डर आली. हे माझे पंचवीस वर्षांचे गिऱ्हाईक. वाचनालयातून निवृत्त झालेले, एकटे, बोलायला कमी, कॉलरच्या टोकाविषयी मात्र फार जागरूक. त्यांना हवा होता कोट. राखाडी, अस्तर लावलेला, तीन बटणांचा. घराबाहेर पडायला बंदी, लोक दिवसभर पायजम्यात, आणि या गृहस्थाला कोट! "स्वयंपाकघरात सभा आहे का हो त्यांची?" मी भाचीला म्हणालो. दोघंही पोट धरून हसलो.

कोट गेला आणि आठ दिवसांत परत आला. चिठ्ठी: 'खांद्यात किंचित ओढतो.' मी बाह्या उसवल्या, अर्धा इंच सोडला. पुन्हा परत. 'खांद्यात किंचित सैल वाटतो.' मी अर्धा इंच घेतला. तिसऱ्यांदा 'ओढतो'. चौथ्यांदा 'सैल'. आता ज्याने कधी सुई धरली असेल त्याला विचारा, अस्तर लावलेल्या कोटाचा खांदा उसवणं म्हणजे काय असतं. अर्धा इंच सोड, अर्धा इंच घे, असं करत कोट पुन्हा जिथून निघाला तिथेच येऊन उभा राहिला होता. मी त्या चिठ्ठीला मोठ्याने दोन शिव्या दिल्या. भिंतींखेरीज ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून तिसरीही दिली.

त्याच दुपारी भाचीचा फोन आला.

"मामा, त्या कोटवाल्याला मी ब्लॉक करतेय."

"म्हणजे?"

"म्हणजे यापुढे त्यांना ऑर्डर देता येणार नाही, कोट परत पाठवता येणार नाही. चार वेळा परत! एवढ्यात दोन तारे देऊन बसले तर आपलं नाव खराब होईल. काही लोकांना खोड असते हो त्रास द्यायची."

मी "कर" म्हणणारच होतो. खरं सांगतो, जिभेवर आलं होतं. पण पंचवीस वर्षांत या माणसाने एक कपडा परत आणला नव्हता. मी विचारलं, "फॉर्म नीट भरतात ना ते?"

"तेच तर! छाती, बाही, उंची, सगळं अगदी छापल्यासारखं. फक्त खांद्याचा रकाना रिकामा सोडतात. कोट परत पाठवताना पुन्हा फॉर्म भरावा लागतो, तिथेही चारही वेळा. मग सिस्टीम तुमच्या वहीतलं जुनं माप उचलते."

"त्या रकान्याशेजारी काय लिहिलंय?"

"काय लिहिणार? 'हे माप स्वतःचं स्वतःला घेता येत नाही. घरातल्या कुणाची तरी मदत घ्या.'"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुणी लिहिलं हे?"

"तुम्हीच सांगितलंत, मामा. मी फक्त टाइप केलं."

खरं होतं. मीच सांगितलं होतं, मोठ्या मास्तरकीच्या तोऱ्यात. ज्याच्या घरात चार माणसं आहेत त्याच्यासाठी ती साधी सूचना होती. त्या माणसाला मात्र आम्ही दर वेळी आठवण करून देत होतो की बाबा रे, तुझ्या पाठीला हात लावायला कुणी नाही, तेव्हा तो रकाना तसाच सोड. वर खोक्यावर माझ्या हातांचा फोटो! आपुलकीचं माप! आणि मी, ज्याच्या स्वतःच्या खांद्यावर मार्चपासून माशीसुद्धा बसली नव्हती, तो मी त्याला शिव्या देत उसवत बसलो होतो. चार चिठ्ठ्या आल्या होत्या माझ्या हातात. चार! गाढवालासुद्धा कळलं असतं.

"मी जातोय त्यांच्याकडे," मी म्हणालो. चार ते सहा पायी फिरायची परवानगी नुकतीच मिळाली होती.

"वेडे झालात का? तुमचं वय बघा, त्यांचं बघा!"

"तोंड बांधून जातो. खिडक्या उघडायला लावतो. मागून मोजतो, तोंडासमोर उभाही राहत नाही."

"हं," ती म्हणाली. मला वाटलं, पोरीला कळलं. मग तिचा आवाज एकदम उजळला. "मामा, जाणारच असाल तर फोन घेऊन जा. छोटासा व्हिडिओ करा ना. म्हातारे टेलर, म्हातारं गिऱ्हाईक, खांद्यावर हात... ब्रँडसाठी हे सोनं आहे हो!"

"त्या माणसाचं एकटेपण खोक्यावर छापायचंय तुला?" मी ओरडलो. भाचीवर मी उभ्या जन्मात ओरडलो नव्हतो. "उंटावरून शेळ्या हाकतेस! तूही कधी येऊन बघितलंस का, मामा जिवंत आहे की नुसते हातच उरलेत?"

ती अगदी हळू म्हणाली, "मला भीती वाटते, मामा. माझ्यामुळे तुम्हाला काही झालं तर?"

माझा राग पुरता गेला नव्हता. फोन मी गल्ल्याच्या खणात ठेवला आणि कोट दंडावर टाकून निघालो. खोकं घेतलं नाही.

रस्ते रिकामे, दुकानं बंद. बेकरीच्या दारात चौकोन आखले होते आणि चौकोनांत कुणीच उभं नव्हतं. ग्रंथपालांचं घर दुसऱ्या मजल्यावर. मी बेल वाजवली आणि चार पायऱ्या खाली उतरून थांबलो. दार साखळीपुरतं उघडलं.

"मास्तर?" त्यांनी चष्मा सारखा केला. "तुम्ही स्वतः? काही चुकलं का माझं? मी... मी बहुतेक फार वेळा परत पाठवला. तुम्हाला राग आला असेल."

"आलाय," मी म्हणालो. "पण तुमचा नाही. खिडक्या उघडा, तोंड बांधा आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहा."

ते निमूटपणे उभे राहिले. खोलीत पुस्तकं छतापर्यंत नीट लावलेली होती. टेबलाशी खुर्च्या दोन, बशी एक. मी हातांना औषध चोळलं, कोरडे होऊ दिले आणि मागे जाऊन दोन्ही तळवे त्यांच्या खांद्यांवर ठेवले.

खांदे कानापर्यंत चढलेले होते. दोन श्वास झाले, चार झाले, खाली येईनात. इतक्या दिवसांनी ऊबदार माणूस हाताला लागला होता आणि हात कसा ठेवायचा तेच मी विसरलो होतो. मग एकदम ते खांदे उतरले आणि हलायला लागले. आवाज नव्हता. मी हात काढला नाही.

भिंतीकडे तोंड करूनच ते म्हणाले, "तो रकाना भरताच येईना हो, मास्तर. दोरी लावून पाहिली. दाराच्या चौकटीला पाठ लावून पाहिली."

"मूर्ख रकाना आहे तो," मी म्हणालो. "काढून टाकायला लावतो."

मग टेप लावला. साडेसतरा. पंचवीस वर्षं वहीत आहे तेवढाच, एक सूतही इकडेतिकडे नाही. कोट घालून पाहिला. पहिल्या दिवशी बसला असता तसाच बसला. ग्रंथपाल कपाटाच्या आरशात बघत होते. आपल्या कोटात काही खोट नाही, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. आता मी कोट ठेवून जाणार आणि परत येणार नाही, हेही ठाऊक होतं. त्यांनी बटणं एकेक करून काढली, कोट उतरवला आणि हातात धरून उभे राहिले.

मी तो त्यांच्या हातातून घेतला.

"अर्धा इंच फरक पडलाय," मी म्हणालो. "पुन्हा बघावं लागेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. जन्मभर पुस्तकं जागच्या जागी लावलेला माणूस, खोटी नोंद त्याला लगेच कळते.

"मलाही तसंच वाटत होतं," ते म्हणाले. "गुरुवारी?"

"गुरुवारी. आणि फॉर्म भरायचा नाही."