शिळ्या पाण्याचं पिंप

पालिकेच्या मलेरियावाल्याने पळी पिंपात बुडवली, वर काढली आणि उजेडाकडे धरली. गॅलरीत आम्ही सगळे दाटीने उभे होतो.

"वरची टाकी साफ आहे," तो म्हणाला. मार्तंड त्याचं नाव. "पण हे बघा. अळ्या पाण्यावर आडव्या पडल्यात ना? ह्या मलेरियाच्या डासाच्या. पिंप कुणाचं?"

विचारायची गरजच नव्हती. दहिसरच्या आमच्या चाळीत गॅलरीच्या टोकाला, डब्यांत आणि फुटक्या बादल्यांत अडुळसा, गवती चहा, ओवा, पानफुटी लावणारा माणूस एकच. लवूकाका. ब्याऐंशीच्या संपात गिरणी गेली, छातीतला कापसाचा खोकला तेवढा बरोबर आला. त्या खोकल्यासाठी त्यांनी पहिला अडुळसा लावला. पुढे चाळीतल्या कुणाला सर्दी झाली, पोट दुखलं, की पानं न्यायला त्यांचंच दार.

पिंपाची गोष्ट अशी. सकाळी साडेपाचला नळ आला की प्रत्येक घर आदल्या दिवशीचं पाणी ओतून देतं आणि ताजं भरतं. चांगलं पिण्याचं पाणी, एका रात्रीत शिळं म्हणून मोरीत. लवूकाकांचा जीव तुटायचा. "झाडाक शिळा नि ताजा काय कळता? हय ओता," असं म्हणत त्यांनी दारात लोखंडी पिंप ठेवलं. आम्हीही ओतायला लागलो. त्यात पुण्य होतं आणि मोरीपर्यंत जायचे कष्टही वाचायचे. दर शनिवारी मात्र ते पिंप तळापर्यंत रिकामं करत, काथ्याने घासत आणि दिवसभर उन्हात उपडं ठेवत. आम्ही त्यांना हसायचो. पिंपाला आंघोळ घालणारा माणूस, म्हणायचो.

गेला महिनाभर ते अंथरुणाला खिळून होते. आम्ही ओतत राहिलो; भरून वाहील ते झाडांना मिळायचं. वर गोणपाट टाकलेलं, त्यामुळे आत डोकावलं कुणीच नाही. चार शनिवार गेले.

"नलू तिकडे हॉस्पिटलात तापाने फणफणलीय!" रत्नप्रभावहिनी एकदम पुढे आल्या. नलिनी त्यांची सून. "पाचवा महिना चालूय तिला! लोक कोंबड्या पाळतात, ह्यांनी डास पाळले! रोज ह्यांना पेज घेऊन माझी सून ह्याच दारात यायची ना!"

हे खरं होतं. महिनाभर लवूकाकांना रत्नप्रभावहिनींच्या घरची पेज जायची. नलिनी ती द्यायची आणि जाताना गवती चहाची दोन पाती तोडून न्यायची.

लवूकाका दाराची चौकट धरून उभे होते. खोकला दाबून धरल्याने मानेच्या शिरा ताठल्या होत्या.

मार्तंडने पिंपात पुन्हा पाहिलं, मग त्यांच्या खोलीत. "घरात किती माणसं?"

"मी एकटोच."

"एकट्या माणसाकडे एवढं पाणी? तेही आजारी असताना? कोण भरतं हे?"

त्याच सकाळी मी दोन बादल्या ओतल्या होत्या. माझ्या पुढे रत्नप्रभावहिनी होत्या, हातात कळशी घेऊन. आत्ता त्या पुढे सरसावून बोलत होत्या खऱ्या, पण हा प्रश्न आला आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. मागच्या दोघी हळूच आपापल्या दारात सरकल्या. लवूकाकांनी एकेकाकडे पाहिलं. नजर माझ्यावर आली तेव्हा मी नळाच्या तोटीकडे बघत होतो. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

"माझा पाणी," ते म्हणाले. "मीच भरतंय. चूक माझी."

मार्तंडने त्यांच्या नावाने नोटीस लिहून दिली. "झाडं ठेवा, हरकत नाही," तो जाता जाता म्हणाला. "पाणी साठवू नका, एवढंच."

लवूकाकांनी कुणाला हात लावू दिला नाही. पिंप स्वतः कलंडवलं, काथ्याने घासलं, मध्ये तीनदा खाली बसले. आम्ही दारांतून बघत होतो.

नलिनी नवव्या दिवशी घरी आली. ताप उतरला होता, पण मूल पोटातच गेलं होतं. रत्नप्रभावहिनी तिला धरून गॅलरीतून नेत होत्या. लवूकाका आपल्या दारात उठून उभे राहिले. वहिनींनी तिकडे पाहिलं नाही. नलिनीने पाहिलं.

त्यानंतर सकाळी साडेपाचला आमच्या बादल्या पुन्हा मोरीत रित्या होऊ लागल्या. पानं मागायला कुणी जाईना. लवूकाका आपल्या आंघोळीतलं अर्धं पाणी झाडांना घालायचे, तेवढ्याने काय होणार? पानफुटी सुकली, मग ओवा. भिंतीपलीकडून खोकला ऐकू यायचा आणि माझी झोप उडायची.

शेवटी एका सकाळी मी शिळ्या पाण्याची बादली उचलली आणि मोरी ओलांडून पुढे गेलो. लवूकाका अडुळशाची पिवळी पानं खुडत बसले होते.

"काका," मी म्हणालो. "त्या पिंपात माझंही पाणी होतं."

"म्हायत हा रे चंद्या." त्यांनी मान वर केली नाही. "तुझ्या पाण्याक तुरटीचो वास येता. वयनीच्या कळशेक वाळ्याचो. माका सगळ्यांचा पाणी कळता."

त्यांनी बादली माझ्या हातून घेतली आणि सावकाश, धार मोडू न देता, अडुळशाच्या मुळाशी रिकामी केली. मग ती उपडी करून झटकली, आत थेंब उरला नाही ना ते बोट फिरवून पाहिलं, आणि माझ्या हातात परत दिली.