सहाचा वारा

फरीदाबादच्या मागचा डोंगर चार दिवस जळत होता. जळायला होतं काय तिथे, तर खुरटी झुडपं आणि वाळकं गवत. पण धूर असा की डोळे उघडवत नव्हते. वारा पूर्वेचा होता म्हणून कसंबसं निभावलं. मोठा लोट डोंगरापलीकडे जात होता आणि इकडे रेंगाळत होता तो विरळ, राखाडी धूर. वारा एकदा पश्चिमेचा झाला की सगळा लोट थेट गुणवंताच्या सोसायटीवर. आणि घरी नऊ वर्षांचा हेरंब, दम्याचा. गेल्या वर्षी त्याला दोन दिवस आयसीयूत ठेवावं लागलं होतं. तेव्हापासून गुणवंताला मुलाचं साधं खोकणंही ऐकवत नसे.

वारा कधी फिरणार हे ज्यांना आधी कळतं, त्यांतलाच गुणवंत एक. दिल्लीत हवामानाच्या ऑफिसात अठरा वर्षं काढलेली. गडी इतका सावध, की शेजाऱ्यानं "छत्री घेऊ का हो?" विचारलं तरी "बुलेटिन बघा" म्हणायचा. पण परवापासून सलग ड्युटी, त्यात जीव घरी टांगलेला. सकाळी साडेसातला नवा नकाशा हाती आला तसा त्यानं बायकोला, अलकनंदाला, फोन लावला.

"सहाला वारा फिरतोय. त्याच्या आत हेरंबला घेऊन करोल बागेत सुजयकडे जा."

"बघते," ती म्हणाली. सुजय तिचा भाऊ. मागे हेरंब खोकत होता.

तेवढ्यावर थांबला असता तर! पण खालच्या मजल्यावर हेमलताकाकू एकट्या, घरात ऑक्सिजनचं मशीन. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा ह्या शहाण्यानं सोसायटीच्या मराठी ग्रुपवरही लिहिलं: 'सहा वाजता धूर येतोय. त्याआधी निघा.' वीस अंगठे आले. त्याला बरं वाटलं.

पावणेअकराला त्याची ज्युनिअर देवयानी सुधारित बुलेटिन सहीला घेऊन आली.

"हे साडेअकरा काय लिहिलंय? सहा ना?"

"सर, नकाशावर सहा. म्हणजे आपले साडेअकरा."

गुणवंतानं सकाळचा नकाशा पुढ्यात ओढला. जगभरचे हवामानवाले नकाशावर एकच वेळ लिहितात, ग्रिनिचची, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. लोकांना सांगताना ती बदलून सांगायची, हे कालचं पोरसुद्धा जाणतं. अठरा वर्षांत एक चूक नाही, आणि केली ती कुठे, तर स्वतःच्या घरात!

त्यानं अलकनंदाला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. पुन्हा. हेरंबचे निळे पडलेले ओठ त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात. अकरा वाजून दहा मिनिटांनी तिनं उचलला.

"निघ! सहा नाही गं, साडेअकरा! आत्ताच्या आत्ता..."

"अरे, हो हो! आम्ही पोचलो सुजयकडे. मेट्रोत रेंज नव्हती. हेरंब पोहे खातोय बघ."

"पण मी तर सहा म्हणालो होतो."

"लग्नाआधी बाराला भेटू म्हणालास आणि साडेपाचला उगवलास, विसरलास? तू ड्युटीवर असलास की तुझ्या प्रत्येक वेळेत मी साडेपाच तास मिळवते. सतरा वर्षं झाली."

गुणवंताला हसू आणि रडू एकदमच आलं. मग एकाएकी आठवलं.

"आणि काकू? त्यांना नेलंस ना?"

"निघताना बेल वाजवली. पूजेत असतील, दार नाही उघडलं. का रे?"

"मी ग्रुपवरही सहाच टाकलंय."

"ग्रुपवर? तू?" अलकनंदाचा आवाज उतरला. "यार गुणवंत, त्यांना कुठे माहीत तुझं गणित!"

त्यानं ग्रुपवर 'चूक झाली, साडेअकरा, घरं बंद करा' असं खरडलं आणि काकूंना फोन लावला. दोनदा नुसता वाजत राहिला. तिसऱ्यांदा उचलला.

"काकू, खिडक्या लावा! मशीन सुरू करा, मी गाडी पाठवतो."

"आत्ता? अरे, तू सहा लिहिलंस म्हणून तर निवांत आहे मी. भाचा चारला येतोय न्यायला. चार दिवसांनी आज खिडक्या उघडल्या, मशीन बंद केलं. म्हटलं, गुणवंत कधी उगाच बोलत नाही." एवढं बोलतानाच त्यांना धाप लागली.

"काकू, माझी चूक झाली. ऐका..."

पलीकडे दार धाडकन आपटलं. गुणवंतानं घड्याळाकडे बघितलं. अकरा अठ्ठावीस.

"अगं बाई, वारा सुटला वाटतं," काकू म्हणाल्या. "थांब हं, दार लावून येते."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. "काकू! काकू!" करत गुणवंत उभाच राहिला. मग खोकला ऐकू आला, फोनपासून बराच लांबून.