कडव्याच्या शेवटची घंटी

मित्रांनो, उंचीने मी तुमच्याएवढाच असेन, पण मला उचलायला चार धडधाकट माणसं लागतात. मी एक जुना स्पीकर आहे. एकटा नाही हं. माझा जुळा भाऊ खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात उभा आहे. तो डावा, मी उजवा. दोघं अगदी सारखे असलो तरच आम्हाला किंमत, त्यामुळे आमच्यात डावं-उजवं करायची कुणाची प्राज्ञा नाही.

आमचा जन्म एका छोट्या कारखान्यातला. लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून, वाकवून, वाळवून आमचं अंग घडवलं. पोटात जेवणाच्या ताटाएवढी कागदी तबकडी बसवली. जाड, घुमणारे आवाज तिचे. वर, कपाळाच्या जागी, बटणाएवढा रेशमी घुमट बसवला. बारीक, उंच आवाज त्याचे. तो इतका नाजूक की कुणी सहज बोट लावलं तरी कामातून जातो. तो बसवणारा कारागीर शिंक आली तर खोलीबाहेर जाऊन शिंकत असे.

पुढे आम्ही एका मोठ्या दुकानात आलो. तिथे दर रविवारी दातांचे एक डॉक्टर काखेत जुनी रेकॉर्ड घेऊन येत. तीत एका बाईंचं संथ गाणं होतं आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी एक इवलीशी घंटी वाजायची. ती वाजली की डॉक्टर डोळे मिटून हसत. "घंटी नीट वाजवेल तो स्पीकर खरा," असं ते दुकानदाराला सांगत. एका रविवारी ते बायकोला घेऊन आले. मी त्यांना पहिल्यापासून काकू म्हणतो, अर्थात मनातल्या मनात. काकूंनी आमच्या किमतीची चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "हे नुसतं गातं, का घरकामही करतं?"

नवी गाडी घ्यायचा बेत डॉक्टरांनी गुंडाळला आणि आम्ही घरी आलो.

काय थाट होता आमचा! आमच्या जागा फरशीवर चिकटपट्टीने आखलेल्या. समोर बरोबर मध्यावर एक खुर्ची. खरा आवाज फक्त त्याच खुर्चीत ऐकू येतो, असं डॉक्टरांचं ठाम मत, त्यामुळे तिथे दुसरं कुणी बसायचं नाही. आम्हाला पुसायचं ते मऊ कोरड्या फडक्याने. झाडू मारताना काकू म्हणायच्या, "अहो, तुमच्या या दोन जावयांना जरा उठवा. केर काढायचाय." त्या चिडवत, पण फडकं फिरवताना त्यांचा हात फार हलका असे. मला तो हात आवडायचा.

अशी वर्षं गेली. मग हळूहळू डॉक्टरांचा चेहरा बदलू लागला. गाणं लागलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. "आवाज मेलाय," ते म्हणत. त्यांनी बोटाएवढ्या जाड वायरी आणल्या. ॲम्प्लिफायर बदलला. पडदे काढले, पुन्हा लावले, गालिचा सरकवला. काही केल्या त्यांचं समाधान होईना. तिकडे स्वयंपाकघरात ओव्हन पीं-पीं करून दमायचा आणि काकू ओरडायच्या, "लक्ष कुठे असतं तुमचं?" मित्रांनो, मी जीव तोडून वाजत होतो. माझा घुमट पहिल्या दिवसाइतकाच ठणठणीत होता. पण मला गाता येतं, बोलता येत नाही.

शेवटी त्यांनी आम्हाला विकायला काढलं.

एक वकीलबाई आम्हाला बघायला आल्या. डॉक्टरांनी त्यांना मानाच्या खुर्चीत बसवलं आणि तीच रेकॉर्ड लावली. पहिलं कडवं संपलं तशा वकीलबाई हसल्या. "काय सुरेख घंटी वाजते हो! अगदी समोर कुणी वाजवल्यासारखी."

"घंटी?" डॉक्टर म्हणाले. "ती तर केव्हाचीच वाजेनाशी झालीय. म्हणून तर विकतोय. तुम्हाला फसवायचं नाही मला."

वकीलबाई गोंधळल्या. डॉक्टरांनी सुई पुन्हा मागे ठेवली. कडवं संपलं तेव्हा वकीलबाईंनी बोट वर केलं. डॉक्टर आमच्याकडे बघत राहिले. दारात ओले हात पुसत काकू उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आत्ता वाजली की."

"तुला ऐकू येते?"

"रोज येते. ओट्यापाशी उभी असते तिथवर येते."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? मी काय, त्या खुर्चीत बसणारी नाही."

वकीलबाई उठल्या. "डॉक्टर, स्पीकर विकायची घाई करू नका," त्या म्हणाल्या. "आधी कान दाखवून या."

कानांच्या डॉक्टरांनी सांगितलं ते काकूंनी घरी येऊन बहिणीला फोनवर सांगितलं, म्हणून मला कळलं. दात कोरायचं यंत्र आयुष्यभर कानाशी किरकिरत होतं. उंच आवाज गेले ते गेले. बोलणं ऐकायला यंत्र मिळेल, पण ती घंटी पूर्वीसारखी परत यायची नाही.

त्या दिवशी डॉक्टरांनी आमच्यावर चादरी टाकल्या. विकायचं नाव काढलं नाही आणि गाण्याचंही नाही. धूळ बसत राहिली. माझ्यावर ठपका ठेवला याचा मला राग नव्हता. मला त्यांचं वाईट वाटत होतं, कारण ते आता आमच्या खोलीतही येत नसत.

एका दुपारी काकूंनी चादरी ओढून काढल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः रेकॉर्ड लावली. सुई अशी काही खरखरली की डॉक्टर आतून धावत आले.

"अगं, हळू! सुई आहे ती, सुरी नव्हे."

"मग तुम्ही लावा," काकू म्हणाल्या आणि खुशाल मधल्या खुर्चीत जाऊन बसल्या.

डॉक्टरांनी सुई नीट ठेवली, एक स्टूल ओढलं आणि काकूंच्या शेजारी बसले. कडवं संपत आलं तसा काकूंनी त्यांचा हात हातात घेतला आणि घंटी वाजली तेव्हा दाबला.

"आली?"

"आली."

दुसऱ्या कडव्यालाही तसंच. तिसऱ्या कडव्याला काकूंनी हात दाबलाच नाही. त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या होत्या. तरी डॉक्टरांनी अगदी नेमक्या जागी मान डोलावली. काकूंनी डोळे उघडून विचारलं, "ऐकू आली तुम्हाला?"

"नाही गं. पण तू हसलीस ना."

मित्रांनो, आता आम्ही रोज दुपारी वाजतो. आम्हाला ओल्या फडक्याने पुसू नका, घुमटाला बोट लावू नका, हे तर मी सांगणारच. तुमचे कानही जपा. ते कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. आणि घरातलं काही बिघडलंय असं वाटलं, तर ते बदलायच्या आधी शेजारच्या माणसाला एकदा विचारा, तुला कसं ऐकू येतं? आमच्या घरात हे विचारायला फार उशीर झाला. बरं एवढंच, की उत्तर द्यायला काकू जवळच होत्या.