खोक्यातला स्टार्टर

सासरे आपल्या मुलाला ‘इंजिनिअर’ म्हणत. मुलगा पाणीपुरवठा खात्यात कारकून होता. पण एकदा त्याने घरचा मिक्सर खोलून पुन्हा जोडला होता आणि तो मिक्सर त्यानंतर चक्क सहा महिने चालला. जोडून झाल्यावर तीन स्क्रू उरले होते. ते सासऱ्यांनी एका डबीत जपून ठेवले होते. कंपनीवाले उगाच जास्तीचे स्क्रू घालतात, असं त्यांचं मत होतं, आणि सुनेने ते मूग गिळून ऐकून घेतलं होतं.

त्या सकाळी मात्र मूग गिळायला तिला वेळ नव्हता. साडेअकराला तिची गाडी चालवायची परीक्षा होती. ती नर्स होती. गावाबाहेरच्या नव्या दवाखान्यात तिला जागा मिळाली होती, पण ड्यूटी पहाटेची आणि त्या वेळी तिकडे एकही बस नाही. दवाखान्याने स्पष्ट सांगितलं होतं, पहिल्या तारखेला लायसन्स दाखवा, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला. आजची परीक्षा चुकली तर पुढची दोन महिन्यांनी. आणि परीक्षेला गाडी ज्याची त्याने न्यायची, असा नियम.

साडेसातला इंजिनिअर गाडीत बसले. चावी नेहमी त्यांच्याच खिशात असायची. गाडी ही कुणाच्याही हाती द्यायची वस्तू नव्हे, असं ते म्हणत आणि ‘कुणाच्याही’ म्हणताना बायकोकडे बघत. त्यांनी पाय रोवला, चावी फिरवली. समोरचे लाल-पिवळे दिवे झकास लागले, इंजिन मात्र ढिम्म. टक् नाही, घुर्र नाही. त्यांनी परत फिरवली. पुन्हा तेच.

“स्टार्टर गेला,” त्यांनी जागचं न हलता निदान केलं.

“अहो, परवा तुम्ही ती नवी मॅट पायाखाली घातलीत ना, तेव्हापासून हे असं चाललंय. कालही दोनदा…”

“मॅटचा आणि इंजिनाचा काय संबंध? उद्या म्हणशील, आरसा पुसला म्हणून टायर पंक्चर झालं!”

मॅट त्यांनी एका प्रदर्शनातून आणली होती. उशीइतकी जाड, तपकिरी, कडेला सोनेरी शिवण. दिवाणखान्यातसुद्धा इतकं भारी काही अंथरलेलं नव्हतं.

“मग कोपऱ्यावरच्या मिस्तरींना तरी बोलवा.”

“दोन बोल्टांचं काम! त्याला मिस्तरी कशाला? आपला हात जगन्नाथ.”

मोबाइलवर त्यांनी एक व्हिडिओ लावला. त्यातला माणूस बारा मिनिटांत स्टार्टर काढून, नवा बसवून, हात धुऊन मोकळा झाला. इंजिनिअरांना पहिला बोल्ट सापडायलाच पंचवीस मिनिटं लागली. बॅटरीची वायर आधी काढायची असते, हे तिने व्हिडिओत पाहून त्यांना सांगितलं, आणि “ते मला माहीतच होतं” म्हणत त्यांनी हातातला पाना खाली ठेवून ती काढली.

तेवढ्यात सासरे खुर्ची घेऊन खाली आले. त्यांनी आयुष्यात सायकलसुद्धा हातात धरूनच नेली होती, पण उंटावरच्या शहाण्याला चालवता कुठे यावं लागतं?

“डावीकडे फिरव,” ते म्हणाले. “तुझ्या नाही, माझ्या डावीकडे.”

“बाबा, तुम्ही बसलात उलटे!”

“मी बरोबर बसलोय. गाडी उलटी लावलीय.”

खालचा बोल्ट गंजला होता. त्याच्यावर हातोडी पडली, मग बोटावर पडली, मग गाडीखालून असे शब्द आले की सासऱ्यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. नऊला पाच कमी असताना स्टार्टर सुटला, तो थेट इंजिनिअरांच्या छातीवर. ते काळेनिळे होऊन बाहेर आले, पण चेहरा असा की डोंगर खणून हत्ती काढलाय.

“बघ, जळलाय पार. वास येतोय.”

वास त्यांच्या शर्टाला येत होता.

हात बरबटलेले, म्हणून दुकानात तिलाच पिटाळलं. स्टार्टर भाजीच्या पिशवीत घालून ती निघाली तेव्हा तिला रडू येत होतं. साप म्हणून भुई धोपटणं चाललंय हे दिसत होतं, आणि त्या भुईत तिची नोकरी होती.

“मी पाठवलंय म्हण,” मागून आवाज आला. “तो ओळखतो मला.”

“कोण ते?” स्पेअर पार्टवाल्याने विचारलं.

म्हातारा दुकानदार विक्षिप्त होता. जुन्याची तक्रार ऐकल्याशिवाय तो कुणाला नवा माल देत नसे. गिऱ्हाइकं वैतागत, पण पुन्हा त्याच्याकडेच येत. त्याने स्टार्टर फरशीवर ठेवला, वर घट्ट पाय दिला आणि बॅटरीच्या जाड वायरी लावल्या. स्टार्टर घूंऽऽ करून फिरला, पुढचं दातेरी चाक टपकन बाहेर आलं. त्याने तीनदा लावून पाहिलं. तिन्ही वेळा तेच.

“ताई, ह्याला काय धाड भरलीय? चावी फिरवल्यावर टक् असा आवाज येतो?”

“काहीच येत नाही. दिवे तेवढे लागतात.”

“क्लच तळापर्यंत दाबला जातो का? ह्या गाडीत क्लचपाशी एक बटण असतं. क्लच पुरता दबला नाही, तर स्टार्टरला करंटच जात नाही. मध्ये काही अडकलंय का बघा.”

तिच्या डोळ्यांपुढे सोनेरी शिवण आली.

म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिने घड्याळ पाहिलं. सव्वानऊ. आता घरी जाऊन हे सांगायचं, तर आधी दुकानदाराला काही कळत नाही हे सिद्ध होणार, मग तिला काही कळत नाही हे सिद्ध होणार, मग सासऱ्यांचं मत. वाद घालायला दोन तास. स्टार्टर परत बसवायला एक. शिवाय जुनाच बसवा म्हटलं, तर ते पान्याला हात लावणार नाहीत.

“काका,” ती म्हणाली, “नव्या स्टार्टरचं रिकामं खोकं आहे का?”

दुकानदाराने तिच्याकडे पाहिलं. मग काहीएक न विचारता स्टार्टर पेट्रोलने घासला, त्यावर चंदेरी रंगाचा फवारा मारला, पंख्याखाली वाळवला आणि खोक्यात घालून वर चिकटपट्टीसुद्धा लावली.

“मालकांना सांगा, जपून बसवा,” तो म्हणाला. “नाजूक असतो नवा.”

खोकं उघडून इंजिनिअर हरखून गेले. “ह्याला म्हणतात माल! वजन बघा, बाबा. जुन्यापेक्षा निम्मंसुद्धा नाही.”

“चकाकीवरून कळतंच,” सासरे म्हणाले.

इंजिनिअर गाडीखाली गेल्यावर तिने मॅट उचलून मागे डिकीत टाकली. पावणेअकराला चावी फिरली आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. सासऱ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. इंजिनिअरांनी हात पुसत तिला विचारलं, “काय? मॅट काय म्हणते तुमची?” ती हसली. त्या हसण्याने तिचा जबडा दुखला.

परीक्षेच्या मैदानावर ती अर्ज द्यायला रांगेत उभी राहिली. इंजिनिअर गाडीपाशी थांबले. बायकोची परीक्षा, आत मोठा साहेब बसणार, म्हणून त्यांनी रुमालाने काच पुसली, सीट झटकली आणि डिकीत बिचारी पडलेली मॅट काढून पुन्हा जागेवर नीट अंथरली. खरंच प्रेमाने अंथरली.

साहेब शेजारी बसले. त्यांनी पेन उघडलं. तिने क्लच दाबला, चावी फिरवली.

दिवे लागले. इंजिन ढिम्म.

“काय झालं?” साहेबांनी विचारलं.

बाहेरून इंजिनिअर धावत आले आणि खिडकीतून ओरडले, “साहेब, स्टार्टर नवा आहे! आज सकाळी मी स्वतः बसवलाय! दुकानदाराने फसवलं, दुसरं काही नाही! बाई, तू उतर, मी बघतो.”

ती उतरली नाही. खाली वाकली, मॅटचं टोक धरलं, एका हिसक्यात ओढून काढली आणि खिडकीतून नवऱ्याच्या हातात दिली. मग क्लच तळापर्यंत दाबला. गाडी सुरू झाली.

“चला,” साहेब म्हणाले.

मैदानाला दोन फेऱ्या, चढावर एकदा थांबून पुन्हा चालू, मागे घेऊन खांबांमध्ये लावणं. तिने सगळं केलं. कडेला एक माणूस मॅट कवटाळून उभा होता, तो दर फेरीला दिसत होता.

पास झाल्याचा कागद घेऊन ती आली. परत निघाल्यावर इंजिनिअर मॅटवरची धूळ झटकत बसले. मग घसा खाकरून म्हणाले, “मॅटचं ठीक आहे. पण स्टार्टरही गेलेलाच होता. नवा बसवला म्हणून तर सकाळी सुरू झाली.”

तिने गिअर बदलला. “तो नवा नाही. तुमचाच आहे. दुकानदाराने रंग मारून दिला. नव्याचे पैसे माझ्या पर्समध्ये आहेत, घरी गेल्यावर घ्या.”

इंजिनिअरांनी मॅट काखेत घट्ट धरली.

सासरे दारातच उभे होते. “काय रे इंजिनिअर, कसा चालला नवा स्टार्टर?”

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मॅट अजून त्याच्या काखेत होती. ती आता सांगेल, असं त्याला वाटत होतं, आणि सांगावं असं तिलाही फार वाटत होतं.

“ठणठणीत,” तो पडेल आवाजात म्हणाला.

“तरी मी म्हणतच होतो! नवा तो नवाच.”

तिने गाडीची चावी आपल्या पर्समध्ये टाकली आणि ती आत गेली. ती चावी त्या दिवशी कुणी परत मागितली नाही.