एपर्नेची पळी आणि तिचा पोचा

मित्रांनो, मी एक जुनी पळी आहे. तांब्याची, आतून कल्हई केलेली, लांब दांड्याची. आमटी किंवा रस्सा मी कधी वाढला नाही. फ्रान्सच्या एपर्ने गावात, ओब्रीव्ह घराण्याच्या खडूच्या दगडात कोरलेल्या थंड तळघरात, मी सदतीस वर्षे शॅम्पेनच्या बाटल्यांत साखर घालत होते.

माझ्या आत चार रेघा आहेत. तांबटाने १८२६ साली मला घडवले तेव्हा त्या नव्हत्या. त्या एकेक करून आल्या, आणि प्रत्येक रेघ व्हिर्ट्झमुळे आली. व्हिर्ट्झ आमचा फिरता विक्रेता. जन्माने ऱ्हाइनकाठचा जर्मन. नमुन्याच्या बाटल्या घेऊन तो वर्षातले आठ महिने परदेशी हिंडे आणि तिथून पत्रे पाठवी. लंडनचे लोक जेवताना पितात, त्यांना साखर कमी हवी. बर्लिनला थोडी जास्त. पॅरिसला त्याहून जास्त. पीटर्सबर्गला तर जवळजवळ पाकच हवा. असे पत्र आले की तळघराचा मुख्य कारागीर निकेझ काचेच्या मापाने पाणी मोजून माझ्यात ओती आणि खिळ्याने रेघ ओढी. सर्वात वरची रेघ रशियाची.

“हे लोक वाइन पितात की मुरंबा खातात?” निकेझ विचारी.

“निकेझबाबा, एकदा तिथली थंडी खाऊन या. तुम्हीही मुरंबाच मागाल,” परत आलेला व्हिर्ट्झ म्हणे.

“मला इथली पुरते.”

काम असे चाले. बाटल्या उलट्या ठेवून गाळ बुचाशी आणलेला असे. निकेझ बूच उडवी, फेसाबरोबर गाळ बाहेर पडे, आणि रिकाम्या झालेल्या जागेत मी वाइनमध्ये विरघळवलेल्या खडीसाखरेचा पाक ओती. लगेच नवे बूच, त्यावर दोरी. निकेझ मला इतक्या सफाईने फिरवी की पाकाचा थेंब जमिनीवर पडत नसे. त्या दिवसांत माझे कौतुक होई. शेजारच्या तळघरांतले कारागीर मला पाहायला येत.

१८३९च्या मार्चमध्ये व्हिर्ट्झ माझ्या वरच्या रेघेने भरलेले नमुने घेऊन पीटर्सबर्गला गेला. तिथल्या लोबास्तोव नावाच्या व्यापाऱ्याला ते आवडले. जूनमध्ये त्याची बाराशे बाटल्यांची मागणी आली. उन्हाळ्यात आमच्या बाटल्या आतल्या जोराने फुटतात, म्हणून माणसे तोंडावर तारेची जाळी बांधून काम करतात. पण हाताला जाळी नसते. कामाच्या पहिल्याच सकाळी निकेझच्या मुठीत बाटली फुटली आणि मी दगडावर आदळले.

सगळ्यांनी निकेझचा हात पाहिला. मला कोणी पाहिले नाही. हाताला फडके बांधून त्याने पुन्हा मला उचलले. माझ्या तळाला आतल्या बाजूने पोचा आला होता. आता रेघेपर्यंत भरूनही माझ्यात पाक कमी मावत होता. बाराशेच्या बाराशे बाटल्या तशाच भरल्या गेल्या.

नोव्हेंबरमध्ये लोबास्तोवचे पत्र आले. मालकीण ओब्रीव्हबाई ते घेऊन तळघरात उतरल्या. व्हिर्ट्झ तिथेच होता.

“व्हिर्ट्झ, तुमच्या नमुन्यांत साखर कुणी वाढवली?”

“कुणी नाही, बाईसाहेब.”

“लोबास्तोव लिहितात, नमुना एक आणि माल दुसरा. माल परत पाठवणार आहेत.”

“ते खोटं लिहीत नसतील. मीही खोटं सांगत नाहीये.”

“दोन्ही खरं कसं असेल?”

गोड नमुना दाखवून फिका माल विकणारे विक्रेते तेव्हा बरेच होते, आणि असे नाव एकदा झाले की कोणतेच घराणे माणसाला दारात उभे करत नसे.

“सोमवारी तुमची नमुन्यांची पेटी जमा करा,” बाई म्हणाल्या.

निकेझ चार पावलांवर उभा होता. बाई जिना चढू लागल्या, तेव्हा त्याने मला खुंटीवरून काढले.

“बाईसाहेब, थांबा. चोर सापडलाय. ही बघा. आणि तिला लपवणारा मी.”

त्याने माझ्यात वरच्या रेघेपर्यंत पाणी भरले आणि ज्या काचेच्या मापाने रेघ ठरवली होती त्यात ओतले. पाणी खुणेपासून बोटभर खाली राहिले.

“तुम्हाला कधी कळलं?” बाईंनी विचारले.

“दुसऱ्याच दिवशी. पुसताना अंगठ्याला लागलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“वाटलं, एवढ्याशा पोच्यानं काय होतंय. चाळीस वर्षं झाली, माझा हातच माप आहे.” मग तो म्हणाला, “पेटी त्याची नको. माझ्या तळघराच्या किल्ल्या घ्या.”

व्हिर्ट्झने मला हातात घेऊन उलटसुलट पाहिले. “निकेझबाबा, तुमच्या अंगठ्याला एका दिवसात कळलं ते पीटर्सबर्गहून फिरून यायला पाच महिने लागले.” मग तो बाईंकडे वळला. “किल्ल्या त्यांच्याकडेच असू द्या. आणि हिला एवढ्यात तांबटाकडे पाठवू नका. मला द्या.”

अशी मी, मित्रांनो, जानेवारीत बर्फावरच्या घसरगाडीतून रशियाला गेले. लोबास्तोवने मला चहात बुडवले, भरले, मापात ओतले, पुन्हा भरले. मग पोच्यावरून बोट फिरवत तो बराच वेळ हसला.

“नमुन्यात साखर घालणारे मी पुष्कळ पाहिलेत. स्वतःच्या पळीचा पोचा दाखवायला एवढ्या बर्फातून आलेला तूच पहिला. माल ठेवून घेतो. पुढच्या खेपेला मात्र पळी सरळ करून घ्या.”

तांबटाने मला सरळ केले, तरी तळाशी थोडा उंचवटा राहिलाच. निकेझने चारही रेघा नव्याने ओढल्या. जुन्याही दिसतात, म्हणून मोजणाऱ्याला आठ वाटतील. त्यानंतर मरेपर्यंत तो रोज सकाळी कामाआधी माझ्यात पाणी भरून पाही. व्हिर्ट्झ गावात असला की दारातून विचारी, “बाबा, अंगठा काय म्हणतो?”

पुढे लोकांची चव बदलली. लंडनची रेघ जास्त वापरात आली, रशियाची कोरडी पडली. १८६३मध्ये पाक घालायचे यंत्र आले. काही वर्षे मी चुना ढवळत होते. आता मी जिन्यापाशी टांगलेली असते. नाताळात कोणीतरी मला घासून लखलखीत करते. पाणी भरून कोणी पाहत नाही.

मित्रांनो, घासणे म्हणजे काळजी घेणे नव्हे. हातातून वस्तू पडली तर आधी हात पाहा, ते योग्यच आहे. मग वस्तूही पाहा. आणि अंगठ्याला काही लागले, तर त्याच दिवशी सांगा.