कुलपाचे एकोणीस दिवस

कुमुदिनी दाल बाजारात डाळ निवडायची. तिथल्या बायकांच्या एकुलत्या एका स्वच्छतागृहाला व्यापाऱ्यांनी कुलूप ठोकलं, तेव्हापासून ती रोज त्या कुलपाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर टाकत होती. खाली दोन-चार शब्द: ‘सातवा दिवस. पाणी टाळून सोबतच्या मंदाताईंना चक्कर आली.’ चोवीस तासांनी ते गायब. फोनमध्ये जागा नसायची, म्हणून मूळ फोटोही ती पुसून टाकायची.

तिची शेजारीण सीमंतिनी लष्कर भागातल्या मराठी वाचनालयात ग्रंथपाल होती. ती म्हणाली, “हे मी वाचनालयात जपून ठेवू?”

“नको ताई. उद्या पुसलं जातं म्हणून तर बिनधास्त टाकते. राहिलं तर काम जाईल, पक्कं.”

सीमंतिनीने आग्रह केला नाही.

नवव्या दिवशी नगरपालिकेचा निरीक्षक आला. व्यापारी म्हणाले, “कुलूप कालच लावलंय, दुरुस्तीसाठी.” कुमुदिनीने फोन उघडला. कालच्या फोटोखेरीज दाखवायला काहीच नव्हतं.

संध्याकाळी ती वाचनालयात आली. “उद्यापासूनचं सगळं ठेवा. माझ्या नावासकट.”

दहाव्या दिवसापासून सीमंतिनी रोजचं स्टेटस छापून, तारीख-वेळ घालून फाईलला लावू आणि वाचनालयाच्या दाखल-नोंदवहीत चढवू लागली. आठवड्याने वाचनालयाच्या समितीचे अध्यक्ष जगदेवराव तणतणत आले.

“ग्रंथालय आहे हे! उद्या लोक नाश्त्याचे फोटो आणतील. बाजारातून फोन येताहेत मला. काढून टाका ते.”

“लेखी द्या,” सीमंतिनी म्हणाली. “कोणी काढायला सांगितलं, कशासाठी, खाली सही. तो कागदही मी दाखल करून घेईन.”

“तुम्ही मला धमकी देताय?”

“नाही. माझं काम सांगतेय. जे टिकतं ते कुणीही ठेवेल, जगदेवराव. जे उद्या नसणार, ते आज आपणच ठेवायला हवं.”

जगदेवराव सही न करताच गेले.

एकोणिसाव्या दिवशी निरीक्षक पुन्हा आला, तेव्हा बायकांनी ती फाईल त्याच्यासमोर पान न् पान मोठ्याने वाचली. दुपारी कुलूप निघालं. कुमुदिनीच्या दुकानदाराने मात्र तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. तिने तिथेच उभं राहून त्याचं बोलणं स्टेटसवर टाकलं, आणि पुढच्या गल्लीत काम धरलं.

पहिल्या नऊ दिवसांचं काय, हे सीमंतिनीला खुपत होतं. रविवारी तिने सगळ्या बायकांना वाचनालयात बोलावलं. त्या बोलत गेल्या, ती लिहीत गेली. वर ठळक अक्षरांत लिहिलं: ‘आठवणीतून’. खाली बायकांनी सह्या केल्या. मंदाताईंनी अंगठा उमटवला, जोर देऊन.